हजारावा दिवस, सोमवार वागे

१ ऑगस्ट २०२४, गुरुवार. रिंग फ्रेम, म्हणजे सूत कातणाऱ्या यंत्रांच्या खात्यातून रजेचे नऊ अर्ज एकदम टेबलावर आले. सगळ्यांवर एकच तारीख, शनिवार ३ ऑगस्ट, दुसरी पाळी. कारणाच्या रकान्यात एकच शब्द: न्येवू. इंडोनेशियातल्या मध्य जावात, सोलो शहराच्या आसपासच्या सूतगिरणीत काम करायचं तर हा शब्द कळावाच लागतो. माणूस गेल्यावर जावी घरांत तिसरा, सातवा, चाळिसावा आणि शंभरावा दिवस पाळतात, मग पहिलं वर्ष, दुसरं वर्ष आणि शेवटी हजारावा दिवस. तो न्येवू.

हा न्येवू खात्यातल्या सर्वांत जुन्या फिटरचा होता. सगळे त्यांना म्बाह म्हणत, म्हणजे आजोबा. अर्जांवर सह्या व्हायच्या आतच त्यांचा जोडीदार, तेलपाणी बघणारा वयस्क माणूस, आत आला. "बापाक, पोरांनी दिवस चुकवलाय. शनिवार नाही, रविवार."

चूक कुठे झाली ते नीट सांगतो, कारण ती फार सहज होते. जावी मोजणीत सात वारांच्या जोडीला पाच बाजारदिवसांचं चक्र चालतं: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. मृत्यूचा दिवस पहिला धरायचा. हजाराला सातने भागलं की बाकी सहा उरते, पाचने भागलं की काही उरत नाही, म्हणजे पाचवा. त्यावरून तोंडी आडाखा बसलाय, 'नेमसारमा': सहावा वार, पाचवा बाजारदिवस. पोरांनी नोंदवहीतली तारीख उचलली, ९ नोव्हेंबर २०२१, मंगळवार वागे. मंगळवारपासून सहावा रविवार, वागेपासून पाचवा पोन. ४ ऑगस्ट, रविवार पोन. स्लामेतान, म्हणजे प्रार्थना आणि जेवण, आदल्या संध्याकाळी असतं, म्हणून शनिवार.

आकडेमोड बिनचूक, सुरुवातच चुकलेली. जावी दिवस मावळतीला बदलतो. नोव्हेंबरात तिथे साडेपाच-पावणेसहाला सूर्य बुडतो आणि म्बाह गेले पावणेसातला. जोडीदार तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात होता. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाची, बांग होऊन गेली होती हे त्याला पक्कं आठवत होतं. म्हणजे मोजायचं बुधवार क्लिवोनपासून. सहावा वार सोमवार, पाचवा दिवस वागे. ५ ऑगस्ट, आणि स्लामेतान रविवारी संध्याकाळी. दाखल्यावरची तारीख सरकारी हिशेबाने बरोबरच असते. त्यामुळे असा अर्ज आला की नुसती तारीख पाहू नये, किती वाजता गेले तेही विचारावं. पाळ्या बदलल्या, नऊ अर्ज नव्याने लिहून घेतले.

हजार दिवस म्हणजे दोन वर्षं नऊ महिने, त्याला पाच दिवस कमी. तेवढ्यात ऋतू पार उलटा होतो. जावी शेतकऱ्याचं वर्ष बारा 'मांगसां'चं, एकेक २३ ते ४३ दिवसांचा. त्याला प्रानाता मांगसा म्हणतात आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सुरकर्त्याचा, म्हणजे सोलोचाच, राजा पाकुबुवोनो सातवा याने ते पक्कं करून दिलं. शेवटच्या दोन मांगसांची नावं देस्ता आणि साधा, आपले ज्येष्ठ आणि आषाढच. नांगरणीची खूण आकाशातला वालुकू, म्हणजे नांगर. ज्या तारकापुंजात आपल्याला मृग दिसतो, त्यातच त्यांना नांगर दिसतो. म्बाह गेले ते ९ नोव्हेंबरला लागणाऱ्या कानेममध्ये, पाऊस धरायच्या आणि आंबे पिकायच्या दिवसांत. न्येवू आला कारोमध्ये, २ ते २४ ऑगस्ट. कारोची खूण दोन शब्दांत सांगतात, 'बांताला रेंगका': जमीन भेगाळली.

गिरणीतही हे कळतं. रिंग फ्रेमला हवेत ५५ ते ६० टक्के आर्द्रता हवी. कारोत हवा कोरडी पडते, तंतूंवर वीज साठते, रोवं उडतात, धागे तुटतात. पावसाच्या तोंडाला उलटं: ओल वाढली की तंतू रोलरला गुंडाळतात आणि कामगार सुरीने लपेटे कापत बसतो. कानेम लागला की म्बाह तक्त्याची वाट न पाहता ह्युमिडिफिकेशनवाल्याला फवारे कमी करायला सांगत. २०२३ मध्ये एल निनोमुळे पाऊस लांबला आणि कानेम कोरडा गेला, पण तेव्हा सांगायला ते नव्हते.

रविवारी सकाळी स्रागेनकडच्या त्यांच्या गावात कबरीवर कीजिंग, म्हणजे दगडी चौथरा, बसवायचा होता. बरेच जण यासाठी हजार दिवस थांबतात. नवी माती खचत असते आणि घाईने ठेवलेला दगड कलतो. या भागातली माती काळी, विदर्भ-मराठवाड्यासारखीच. उन्हात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात फुगून वरचं सगळं उचलते. म्हणून पोरांनी कडेने वीतभर खोल चर खणला, काळी माती बाजूला काढली, वाळू आणि खडी थरावर थर ठोकून भरली. भेगांत नुसती वाळू ओतून भागत नाही, पहिल्या पावसात ती खाली जाते.

मग जोडीदाराने पिशवीतून म्बाहंची पाणसळ काढली. रिंग फ्रेम उभी करताना तेच ती वापरत. दगडाच्या उत्तर टोकाला ठेवली, बुडबुडा रेघेच्या बाहेर. त्याने लाकडी पाचर सरकवली, हातोडीने दोनदा टकटक केलं, पाणसळ आडवी फिरवली, पुन्हा टकटक. कुणी बोलत नव्हतं. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आल्यावर त्याने तळहाताने दगड पुसला आणि वर गुलाब, कनंगा आणि कांतिल पसरलं. कांतिल हा एक पांढरा चाफा. जावीत त्या नावात चिकटून राहण्याचा अर्थ आहे.

दुपारी शेजारच्या बायका रेवांगला, म्हणजे रांधायला हात लावायला, जमल्या. अशा दिवशी केतान म्हणजे चिकट भात, आपेम, आणि कोलाक म्हणजे नारळाच्या दुधातला गोड पदार्थ, लागतंच. आपेम आपल्या आप्प्यांच्या कुळातलं: किलोभर तांदळाच्या पिठाला पाव किलो आंबवलेला कसावा, साखर आणि सव्वा लिटर नारळाचं दूध. दूध कोमट हवं. कढत ओतलं तर आंबवण मरतं आणि आपेम जाळी न पडता चपटं राहतं. पहिला घाणा तसाच झाला. घरच्या वहिनींनी तो बाजूला ठेवून नवं पीठ कालवलं, आणि मग दोन तास थांबावंच लागलं. लोक आपेमचं नाव क्षमा मागण्याच्या अरबी शब्दाशी जोडतात, म्हणून ते बिघडलेलं कुणाला चालत नाही.

मगरिबनंतर चटयांवर गावातले आणि गिरणीतले लोक मांडी घालून बसले. मोदिनने, म्हणजे गावातले धार्मिक विधी करणाऱ्याने, कुराणातला यासीन अध्याय आणि तहलील ही प्रार्थना म्हटली, मग प्रत्येकाच्या हातात बेसेक, म्हणजे बांबूचा डबा, दिला, भात, कोंबडी आणि आपेम भरलेला. निघताना जोडीदाराने पाणसळ परत पिशवीत घातली.

"कानेम लागला की येतो," तो वहिनींना म्हणाला. "पहिले दोन पाऊस होऊ देत. माती फुगली की पुन्हा लावून बघायला लागेल."