हात वर करा

आमची शाळा पंचवटीतली. काळाराम मंदिर सत्याग्रह शिकवायला फळ्यावर नकाशा काढावा लागत नाही, निम्मा वर्ग रोज त्याच दरवाजावरून येतो. हा पाठ मी फार चांगला शिकवते. स्वतःच सांगते, कारण पुढचं सांगायचंय. दलितांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० पासून बंद दरवाजांसमोर ठाण मांडून बसलेली माणसं, नेतृत्व बाबासाहेबांचं, सोबत आपल्या नाशिकचे दादासाहेब गायकवाड. रामनवमीला रथ ओढण्यावरून झालेली दगडफेक. मग विचारते, "किती दिवस चाललं असेल हे?" कुणी आठवडा म्हणतं, कुणी महिना. १९३५ सांगितलं की मागच्या बाकावरची कुजबुजसुद्धा थांबते.

त्या दिवशीही थांबली. पाचव्या तासाला ऑफिसातून चिठ्ठी आली : शिष्यवृत्तीची यादी आजच हवी, पोर्टल बंद होतंय. पोर्टल नेहमीच बंद होत असतं, नाहीतर चालत नसतं. खरं तर यादी जनरल रजिस्टरवरून काढायची असते. पण ते क्लार्कच्या कपाटात, आणि क्लार्क बँकेत. मी सोपं ते केलं. "एससी, व्हीजेएनटीच्या मुली, हात वर करा."

दोन हात वर आले, तेही कोपरापर्यंतच. तिसरी वहीत बघत बसली. तिचा फॉर्म राहू नये म्हणून, हो, काळजीपोटीच, मी नाव घेऊन म्हटलं, "अगं, तू पण आहेस ना?"

"नाही मॅडम."

तिच्या आडनावावरून कुणाला काही कळत नाही. पाचवीपासून तिनं ते तसंच जपलं होतं, हे मला तीन दिवसांनी कळलं. ते तीन दिवस तिचं पोट दुखत होतं. आई द्राक्षाच्या पॅकिंगला जाते, तरी खाडा करून आली. भांडली नाही. "मॅडम, फॉर्म नको आम्हाला," एवढंच.

मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही तिच्या भल्याचंच बघत होता, एवढं मनाला काय लावून घेता?" आमच्याकडे समुपदेशन कक्षही आहे. त्यात कॅरम बोर्ड आणि गॅदरिंगचे पडदे आहेत. म्हणून ती आणि मी जिन्यात बसून बोललो. बाकावरची मैत्रीण काही म्हणाली का? "नाही. डबा पण खातो आम्ही." मग? "तिच्या घरी सांगितलं असेल ना तिनं?"

यावर मला काही बोलता आलं नाही.

आता माझ्या वर्गात सगळ्याच मुलींना बंद पाकिटातून पत्रक जातं, ज्यांना लागू आहे त्या घरून भरून आणतात. पाकिटांच्या खर्चावरून क्लार्क कुरकुरतो. तिचं पाकीट अजून परत आलेलं नाही.

आणि 'ब' तुकडीला तोच पाठ घ्यायचा राहिलाय. दोन वेळा उजळणी घेऊन तास काढला.