गोव्यात कुठला भूकंप?

एम.ई.च्या प्रबंधासाठी विषय घेतला: मोठा हादरा बसला तर पणजीतल्या इमारतींचं किती नुकसान होईल. ज्याला सांगावं तो आधी हसायचा, ‘गोव्यात कुठला भूकंप?’

कोयनानगर पणजीपासून साधारण दोनशे किलोमीटरवर. १९६७चा भूकंप तिथेच ठेवून मॉडेल चालवलं तर इथे फारसं काही होत नाही, हे खरंच आहे. पण १९९३पर्यंत किल्लारीही देशाच्या भूकंप-नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या झोन १मध्ये होतं, आणि भूकंप तिथेच झाला. मी वापरलेल्या नकाशावर गोवा झोन ३मध्ये होता, म्हणून मी त्या झोनचा ०.१६ हा गुणांकच, म्हणजे हादऱ्याचा जोर सांगणारा आकडाच, धरला.

ओपनक्वेक हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्याला जमीन किती हलेल ते सांगायचं, कुठे कसल्या इमारती आहेत ते सांगायचं, आणि तसल्या इमारतीला किती हादऱ्यात किती नुकसानीची शक्यता, त्याचे आलेख द्यायचे. घाम काढला तो इमारतींच्या यादीनं. ओपनस्ट्रीटमॅपवर इमारतीची बाह्यरेषा मिळते, जनगणनेत भिंती-छपराचं साहित्य मिळतं. तळमजल्यावर भिंती आहेत की नुसते खांब आणि गाड्या, हे दोन्हीकडे नाही. भुजच्या २००१च्या भूकंपात दोनशेहून जास्त किलोमीटर लांब अहमदाबादेत ज्या बहुमजली इमारती कोसळल्या, त्यांतल्या कितीतरी अशाच, पार्किंगसाठी तळमजला मोकळा सोडलेल्या होत्या. वर विटांच्या भिंतींमुळे ताठ, खाली लवचिक. सगळं वाकणं खांबांवर येतं.

म्हणून वही घेऊन पायपीट. पणजीतल्या सांत इनेज भागात फाटकातून डोकावलं की वॉचमन हाकलायचे. मळा भागात एका आजींनी विचारलं, “सर्वे कसला रे बाबा? घरपट्टी वाढवणार काय?” नाही म्हटल्यावर त्यांनी घर आतूनही दाखवलं. जाड चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती, वर कौलं. दिसायला भक्कम, पण भिंत भिंतीला आणि छप्पर भिंतीला नीट बांधलेलं नसेल तर अशी घरं आडव्या हादऱ्याला कच्चीच.

चिऱ्याच्या घरांचे तयार आलेख मला सापडले नाहीत. दगडी बांधकामाचे दोन वापरले, एक कडक, म्हणजे जास्त नुकसान दाखवणारा, एक सौम्य, आणि दोन्ही उत्तरं प्रबंधात ठेवली. त्यांतला फरक बघून परीक्षकांनी भुवया उंचावल्या. मला तोच प्रामाणिक भाग वाटतो. जमिनीचंही तसंच. पणजीचा बराच भाग दलदल बुजवून वसलेला, मऊ थर हादरा वाढवतात. बांधकामवाल्यांकडून माती तपासायला घेतलेल्या बोअरचे जेवढे अहवाल मिळाले तेवढे वापरले, बाकी ठिकाणी जमिनीच्या उतारावरून अंदाज.

निकालात एक गोष्ट ठळक होती. तळ मोकळा की भरलेला, एवढा एक रकाना बदलला की नुकसानीचा आकडा जेवढा हलायचा, तेवढा हादरा थोडा कमीजास्त करून हलत नव्हता.

सोसायटीतले एक काका अजून विचारतात, “तुझ्या नुकसानीच्या नकाशावर आमची बिल्डिंग लाल आहे की हिरवी?” आलेख शक्यता सांगतो, तीही एका जातीच्या अनेक इमारतींची मिळून. म्हणून नकाशा वॉर्डनिहायच ठेवला. काकांना सांगितलं, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा आणि आधी पार्किंगमधले खांब दाखवा.