झोप निकालानंतर
"अरे झोपच लागत नाही, तीन-चार तासांवर जागच येते."

"भारीच की, तेवढाच अभ्यास. झोप निकालानंतर!"

नवी पेठेत अमृततुल्यवर शेजारी उभी असलेली दोन पोरं, अभ्यासिकेतलीच असणार. दोघंही हसली आणि कप ठेवून गेली. ताप आहे म्हणाला असता तर ह्यानेच पळत जाऊन गोळी आणली असती ना.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते एक तृतीयांश मानसिक आजार १४ व्या वर्षाआधीच सुरू होतात आणि निम्मे १८ व्या वर्षाआधी, म्हणजे पोरगं एमपीएससीसाठी पुण्यात यायच्या कितीतरी आधी, आणि तेव्हा आपण विचारत असतो टक्के किती पडले.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर फुकट आहे, २४ तास चालू, मराठीतही बोलतात. अभ्यासिकेच्या भिंतीवर फीपासून 'मोबाईल सायलेंट ठेवा'पर्यंत सगळं लिहिलेलं असतं, हा नंबर कुणी कुठे लावलेला बघितलाय का?