पाय आपटण्याचा हिशेब: तबेल्यातल्या चावऱ्या किड्यांची नोंदवही

ऊन चढायला लागलं तेव्हा

माश्यांचा हंगाम सुरू झाला. माझ्याकडे तीन जनावरं आणि तिघांच्या तीन तऱ्हा. काजळ ही मुश्की, म्हणजे काळी घोडी, भर उन्हात मैदानात असली की मान झटकते, मध्येच उधळते. मोती, सब्जा म्हणजे राखाडी रंगाचा आणि आता वयामुळे जवळजवळ पांढरा, तबेल्यात उभ्या जागी पाय आपटत राहतो. म्हातारी बिजली दिवसभर शांत, पण सकाळी बघावं तर शेपटीचं मूळ घासून घासून सोलवटलेलं. ही लक्षणं एकाच किड्याची असणं शक्य नाही. त्यामुळे यंदा फवाऱ्याची बाटली उघडण्याआधी कोण चावतंय, कुठे चावतंय आणि किती वाजता, एवढंच लिहून काढायला घेतलं.

मोजायची पद्धत साधी आहे. ठरलेल्या वेळी घड्याळ घेऊन पाच मिनिटं उभं राहायचं, घोडा किती वेळा पाय आपटतो ते मोजायचं. कातडी थरथरवणं आणि शेपटी मारणंही मोजता येतं, पण त्यात नजर चुकते. पाय आपटला की आवाजच होतो. उपद्रव मोजायला संशोधकही हाच आकडा वापरतात. एखादा उपाय 'चांगला वाटतोय' आणि आपटणं खरंच कमी झालंय, यात बराच फरक असतो हे दुसऱ्याच आठवड्यात कळतं.

मोतीचे पाय

गुडघ्याखाली बसणारी, राखाडी, थेट घरमाशीसारखी दिसणारी माशी. फरक तोंडात: डोक्यातून पुढे आलेली टोकदार सोंड दिसली की ती स्टोमॉक्सिस, म्हणजे तबेल्यातली चावरी माशी. हिच्यात नर आणि मादी दोघंही रक्त पितात. एकदा बसली की दोन ते पाच मिनिटांत पोट भरतं, मग उडून जवळच्या भिंतीवर, खांबावर किंवा कुंपणावर जाऊन पचवत बसते. दिवसातला बाकीचा सगळा वेळ ती घोड्यापासून लांबच असते.

एवढं कळलं की पायांवर औषध मारून का भागत नाही ते उलगडतं. औषध असतं पायांवर आणि माशी बसलेली असते भिंतीवर. शिवाय पायांवरचं औषध ओल्या गवतात एका फेरीत धुऊन जातं.

पाय आपटण्याने नुसता मनस्ताप होत नाही. सततच्या आपटण्याने खुरांच्या कडा चिरतात, नालेचे खिळे ढिले होतात. माझा नालबंद खुराकडे बघून माश्या किती आहेत ते सांगतो आणि त्याचा अंदाज माझ्या वहीशी जुळतो.

मोतीला पायांना गुंडाळायची जाळी लावून पाहिली. उपयोग झाला, पण सांभाळावी लागते. आत बारीक वाळू किंवा काडी गेली की कातडी घासते, म्हणून रोज काढून, झटकून, पाय कोरडे करूनच पुन्हा लावतो. घट्ट लावायची नाही, बोट आत गेलं पाहिजे. तो ती दातांनी सोडवायलाही शिकला आहे. त्या बाबतीत तो माझ्या पुढे आहे.

लीद, मूत आणि सांडलेला चारा

खरं काम इथे झालं, म्हणून ही नोंद लांबणार आहे.

चावरी माशी निव्वळ ताज्या लिदीपेक्षा कुजत्या पेंढ्यात जास्त रमते: लीद, मूत आणि पेंढा एकत्र भिजून आंबट वास मारायला लागला की तिची जागा तयार. उबदार हवेत अंड्यापासून उडती माशी व्हायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. त्यामुळे आठवड्यातून दोनदा जरी सगळं ओलं निघालं तरी साखळी तुटते. आम्ही ठाण रोज साफ करतच होतो, तरी माश्या काही हटत नव्हत्या. त्या कुठे आहेत हे पाहायला काठी घेऊन सगळीकडे उकरत फिरलो. अळ्या ठाणात नव्हत्या. त्या होत्या गव्हाणीच्या मागे, जिथे सांडलेलं गवत पाणी पिऊन थरावर थर बसलं होतं. दुसरी जागा पाण्याच्या हौदाखालची, कायम ओली. तिसरी लिदीच्या ढिगाच्या कडा.

ढिगाचं गणित रंजक आहे. नीट रचलेला, हवा आणि ओलावा बरोबर असलेला ढीग आतून 55 ते 60 अंश सेल्सियसपर्यंत तापतो आणि त्या उष्णतेत अळ्या टिकत नाहीत. पण कडा थंडच राहतात आणि अळ्या नेमक्या तिथे असतात. म्हणून ढीग पसरट ठेवण्याऐवजी उंच आणि आटोपशीर रचला, कडांचा भाग फावड्याने उचलून मधोमध टाकायला सुरुवात केली आणि वर ताडपत्री. मैदानातली लीद मात्र उलट पद्धतीने: गोळा करणं जमत नसेल तिथे पातळ पसरून कडक उन्हात वाळवायची. वाळलेल्या लिदीत माशी वाढत नाही. पसरायचं ते घोडे चरत नसलेल्या तुकड्यातच, नाहीतर पोटातल्या जंतांची अंडी सगळ्या कुरणभर आपणच पेरतो.

गव्हाणीमागची जागा खरवडून तिथे खडी टाकली, हौदाची गळती बुजवली. लगेच फरक पडत नाही. आधीच कोशात असलेल्या माश्या बाहेर यायच्याच. पण एक पिढी सरल्यावर मोतीचं आपटणं निम्म्याच्या खाली आलं आणि तिथेच राहिलं. इतका फरक यंदा दुसऱ्या कशानेच पडलेला नाही.

काजळ आणि भर दुपार

काजळला छळणारी माशी वेगळी. मोठी घोडमाशी, टॅबॅनिड कुळातली, डोळे चमकदार, भिरभिर आवाज. हिची फक्त मादी चावते, नर फुलांच्या रसावर जगतो. ही सोंड टोचत नाही. कातडी कापते आणि वर आलेलं रक्त चाटते, म्हणून चावा दुखतो आणि नंतरही रक्त ओघळत राहतं. तिच्या अळ्या ओलसर मातीत, पाणथळ जागी वाढतात, काही जातींना वर्षभरसुद्धा लागतं. तबेला आरशासारखा ठेवला तरी तिच्यावर काडीचा परिणाम होत नाही. तिला आवडतं ऊन आणि हलणारं, गडद काही. अंधाऱ्या, थंड तबेल्यात ती सहसा शिरत नाही. काजळला कडक उन्हाच्या तासांत आत बांधणं हा सगळ्यात स्वस्त उपाय ठरला, आणि सकाळी लवकर बाहेर.

एकाच मैदानात मोतीकडे या माश्या फारशा का फिरकत नाहीत, याचं उत्तर 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. गाबोर होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की काळ्या-तपकिरी अंगावरून परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो आणि घोडमाशी त्याकडे ओढली जाते. पांढऱ्या अंगावरचा प्रकाश तसा नसतो. या कामाला 2016 मध्ये इग नोबेल, म्हणजे गमतीदार वाटणाऱ्या संशोधनाला दिलं जाणारं पारितोषिक मिळालं. हसू येतं, पण काजळच्या अंगावर बसलेल्या माश्या मोजताना मला नाही येत.

पट्ट्यांचा प्रयोगही करून पाहिला. 2019 मध्ये टिम कॅरो आणि सहकाऱ्यांनी घोड्यांना झेब्र्यासारख्या पट्ट्यांच्या झुली घालून निरीक्षण केलं होतं. माश्या जवळ तेवढ्याच येत, पण पट्ट्यांवर उतरताना वेग कमी करणं त्यांना जमत नसे आणि त्या पुढे निघून जात. उघड्या डोक्यावर मात्र काही फरक पडला नव्हता. मी पांढऱ्या जाळीच्या झुलीवर काळे कापडी पट्टे शिवले. शिवण वाकडी आली, काजळ विचित्र दिसते, आणि झुलीवर उतरणाऱ्या माश्या खरंच कमी झाल्या. डोकं, कान आणि पोटाखालचा भाग उघडा, तिथे त्या आहेतच. डोक्याला जाळीचा मुखवटा चढवला. तो रोज काढून डोळे बघायचे, ही माझी अट आहे.

सापळाही टांगला आहे: काळा चकचकीत चेंडू, त्याच्या वर जाळीचा शंकू आणि टोकाला बरणी. चेंडू उन्हात तापतो, वाऱ्यावर हलतो, माशी त्याला जनावर समजते आणि वर उडताना शंकूत अडकते. तो घोड्यांपासून लांब आणि उघड्या उन्हात हवा, सावलीत टांगला तर नुसती शोभा. बरणी भरते. काजळवर किती फरक पडला ते मात्र वहीतून सिद्ध होत नाही, कारण आत बांधायच्या वेळा आणि सापळा एकाच सुमारास सुरू झाले.

स्वतःसाठी एक टीप: गडद निळे शर्ट कपाटात ठेवले आहेत. चावऱ्या माश्यांसाठीचे कापडी सापळे निळ्या-काळ्या रंगाचे बनवतात ते उगाच नाही.

बिजलीची रात्र

बिजलीला चिलटं. क्युलिकॉइडिस, एक ते तीन मिलिमीटरचा जीव, दिसतही नाही. संध्याकाळ ते सकाळ हा त्यांचा वेळ. चाव्यापेक्षा त्यांच्या लाळेची ॲलर्जी वाईट: आयाळ, शेपटीचं मूळ, पोटाखालची मधली रेघ, सगळीकडे खाज आणि मग घासणं. आइसलँडमध्ये ही चिलटं नव्हती. तिथे जन्मून बाहेर नेलेल्या घोड्यांना हा त्रास, त्याच जातीच्या पण बाहेर जन्मलेल्या घोड्यांपेक्षा कितीतरी जास्त होतो. लहानपणी ओळख न झालेलं शरीर मोठेपणी भडकतं.

साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून चिलट आरामात आत येतं, जाळी त्याहून बारीक हवी. पण तेवढी बारीक जाळी खिडकीला लावली की हवा कोंडते. त्यामुळे पंखा. चिलटं उडण्यात कच्ची, ताशी आठ-दहा किलोमीटरचा वारासुद्धा त्यांना जड जातो. पंखा असा लावला की वारा बिजलीच्या पाठीवरून आणि पोटाखालून जाईल. घरगुती पंखा तबेल्यात लावू नका, गवताची धूळ मोटारीत जाऊन आग लागते. बंद मोटारीचा घ्या, वायर जनावराच्या तोंडाला लागणार नाही अशी वर बांधा. संध्याकाळ व्हायच्या आधी बिजली आत, पूर्ण अंग झाकणारी बारीक जाळीची झूल चढवलेली. शेपटीच्या मुळाशी आता खपल्या आहेत, नवीन जखम नाही. खाज उठलेली जागा जनावरांच्या डॉक्टरांना दाखवली, कारण एकदा कातडी जाड झाली की नुसती झूल पुरत नाही.

फवारे, तेलं वगैरे

फवाऱ्यांचा मी विरोधक नाही, पण त्यांच्या भरवशावर बसत नाही. सिट्रोनेलासारखी सुगंधी तेलं पटकन उडून जातात. फेरफटक्यापुरती ठीक, रात्रीला निरुपयोगी. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक टिकतं, पण ते मांजरांना घातक आहे आणि आमच्या तबेल्यात मांजर राहतं, त्यामुळे ओल्या घोड्याजवळ ते येणार नाही याची काळजी घ्यावी लागते. घोड्यांसाठी लेबल असलेलंच वापरायचं, आधी छोट्या जागेवर लावून दुसऱ्या दिवशी बघायचं. तोंडाला फवारायचं नाही, फडक्यावर घेऊन पुसायचं.

लसूण खाऊ घालण्याचा सल्ला दर हंगामात मिळतो. जास्त लसणाने घोड्याच्या तांबड्या पेशी फुटून रक्तक्षय होतो, हे प्रयोगात दिसलं आहे. मी देत नाही.

फुटकळ

डास: हौदाचं पाणी दर तीन-चार दिवसांनी पूर्ण ओतून घासतो, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो त्याआधी. कानातले बारीक काळे किडे वाहत्या पाण्यात वाढतात, त्यांना कानाची जाळी बरी. पुढच्या पायांच्या केसांवर पिवळसर दाणे चिकटलेले दिसले तर ती बॉट माशीची अंडी. ती चावत नाही, पण घोडा पाय चाटतो तेव्हा अळ्या तोंडात जातात आणि पुढे कित्येक महिने जठरात राहतात. खरवडून काढा.

आजारांचं एक. 1880 मध्ये ग्रिफिथ इव्हान्स यांनी घोड्या-उंटांच्या रक्तात सर्रा रोगाचा परजीवी शोधला. त्याला माशीच्या पोटात वाढावंही लागत नाही. अर्धवट पिऊन उठवलेली माशी तोंडावरचं ताजं रक्त घेऊन शेजारच्या घोड्यावर बसली की पुरे. म्हणून नवीन आलेलं जनावर तपासण्या होईपर्यंत दावणीला न बांधता लांब ठेवतो. अधूनमधून येणारा ताप, पायांवर किंवा पोटाखाली सूज आणि खाऊनही खंगणं दिसलं तर माश्यांचा हिशेब बाजूला ठेवून आधी रक्त तपासायला द्या.

आजची स्थिती

नालबंद येऊन गेला. तीन पायांवर उभ्या घोड्याला माशी चावली की लाथ नालबंदालाच लागते, म्हणून त्याच्यासाठी पंखा ओढून मोकळ्या जागेत आणला आणि आधी पायांना फवारा मारला. मोती एकदाही उसळला नाही. काजळने एकदा पाय ओढला.

पुढचा प्रयोग परजीवी गांधीलमाश्यांचा आहे. नखाच्या टोकावर मावणारे हे जीव माश्यांच्या कोशात अंडी घालतात आणि माणसाला किंवा घोड्याला डंख मारत नाहीत. त्या हंगामाच्या सुरुवातीलाच सोडाव्या लागतात, माश्या वाढल्यावर सोडून उपयोग नाही. आणि ढिगावर कीटकनाशक मारलं तर माश्यांआधी त्याच मरतात, त्यामुळे ते आत्तापासूनच बंद केलं आहे. कडा उलटण्याचं काम तेवढं वाढलंय. कुणी या गांधीलमाश्या आधी सोडल्या असतील तर ढीग उलटताना कोशांचं काय करता ते कळवा, कारण खोल गाडले तर त्यांना सापडणार नाहीत अशी मला शंका आहे.