बसल्यावर नाही

रविवार, रात्री साडेदहा

पाय दोन उशांवर टेकवून, आडवी पडून लिहितेय. आज भाचीला घेऊन थीम पार्कला जाऊन आले. 'पुढच्या महिन्यात नक्की' असं वर्षभर सांगत होते तिला.

सकाळी आरशासमोर अडले. लिपस्टिक लावू की नको? नीट आवरून गेलं तर पार्कातल्या, रांगेत उभं राहणं न जमणाऱ्यांसाठीच्या मदतीच्या खिडकीवर ऐकायला मिळतं, "तुम्ही तर ठणठणीत दिसताय." आणि ओढलेला चेहरा घेऊन गेलं तर खऱ्याच आजाराचं सोंग आणल्यासारखं माझं मलाच वाटतं. शेवटी लावली.

मला पॉट्स (POTS) नावाचा आजार आहे. उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं. इतरांच्या रक्तवाहिन्या आवळून ते वर ठेवतात, माझ्या त्यात कमी पडतात, मग हृदय धावत सुटतं. निदानाचा निकषच असा की मोठ्या माणसात उभं राहिल्यावर 10 मिनिटांच्या आत नाडी मिनिटाला किमान 30 ठोक्यांनी वाढते, रक्तदाब मात्र तसा पडत नाही. चालताना त्यातल्या त्यात बरं, पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. एका जागी खिळून उभं राहणं जमत नाही. त्यात ऊन असलं की रक्तवाहिन्या आणखी सैलावतात. म्हणजे रांग ही माझी टिल्ट टेबल टेस्टच (टेबलावर झोपवून, ते उभं करून नाडी आणि रक्तदाब बघतात ती), फक्त शेजारी डॉक्टर नाही. राइडमध्ये निदान बसायला तरी मिळतं! हृदयविकाराची पाटी असलेल्या मोठ्या राइड मी सोडते, पण भाचीच्या आवडीच्या संथ होड्यांचं मला काहीच वाटत नाही.

खिडकीवर "नेमकं काय होतं?" असं मोठ्यानं विचारलं. मागचे सगळे कान टवकारून. सांगितलं. मग नंतरची वेळ लिहून मिळाली. थांबायचं रांगेइतकंच, फक्त सावलीत बसून. डिस्नेची अशीच सोय 2013 पासून आहे; आधीच्या सवलतीच्या कार्डाचा गैरवापर व्हायला लागला म्हणून ती आणली. 2024 मध्ये ती मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणी असणाऱ्यांपुरती ठेवली. खोटं बोलणाऱ्यांमुळे झडती आमची होते, हे कळतं. तरी खिडकीसमोर उभं राहिलं की राग यायचा तो येतोच. (तिथेही उभंच राहावं लागतं, हे आणखी वेगळं.)

बाजूच्या दारानं आत जाताना मागून आवाज आला, "हिला काय झालंय?"

भाचीनं ऐकलं. नावेत बसल्यावर तिनं हळूच विचारलं, "मावशी, तू आजारी आहेस?"

"बसल्यावर नाही."

तिला ते पटलं असावं. नंतर दिवसभर मला उभी पाहिली की ती बाक शोधायला पळायची. एकदा तर एका आजोबांना सरकायला लावलं. मी ओशाळले, ते हसले.

पाणी, मिठाची पाकिटं, घट्ट पायमोजे सगळं करूनही दुपारी घड्याळात नाडी 134 दिसली. तेव्हाच निघालो. पोटऱ्यांवर पायमोज्यांचे वळ अजून तसेच आहेत. उद्याची रजा मात्र तिकिटं काढली त्याच दिवशी टाकून ठेवली होती.