अंथरूण आणि पाय

वार्षिक तपासणीचा रिपोर्ट हातात आला की मी आधी ठळक छापलेले आकडे शोधतो. ठळक म्हणजे बिघडलेलं, हे एव्हाना पाठ झालंय. यंदाही कोलेस्टेरॉलने हजेरी लावली होतीच. बाकीची पानं नुसती उलटत होतो, तेवढ्यात लघवीच्या पानावर एका ओळीशी अडखळलो : 'अल्ब्युमिन - निल'. इतकी वर्षं ही ओळ तिथेच असणार, पण नसलेल्या गोष्टीची दखल कोण घेतो? त्या दिवशी वेळ होता म्हणून मनात आलं, हे 'निल' राखतं तरी कोण?

अल्ब्युमिन हे रक्तद्रवातलं सगळ्यात मुबलक प्रथिन. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांतच धरून ठेवण्यात त्याचा मोठा वाटा. ते फार घटलं की पाणी बाहेर झिरपतं. सकाळी पापण्या जड होतात, संध्याकाळी घोटे सुजतात. आता हेच रक्त मूत्रपिंडात गाळलं जातं, एवढं शाळेपासून ठाऊक होतं. किती, ते विसरलो होतो. दिवसाला सुमारे 180 लीटर! अंगात रक्तद्रव असतो जेमतेम 3 लीटर, म्हणजे तोच द्रव दिवसभरात साठेक वेळा गाळला जातो. त्यातला 99 टक्के पुढच्या नळ्या परत शोषून घेतात म्हणून बरं, नाहीतर माणसाचा जन्म एकाच खोलीत गेला असता.

एकेका मूत्रपिंडात अशा गाळण्या असतात सरासरी 10 लाख. प्रत्येक गाळणी म्हणजे बारीक केशवाहिन्यांचा एक गुंता. 1666 साली मार्चेल्लो माल्पिगी या इटालियन वैद्याने त्यांचं वर्णन केलं. शाळेच्या पुस्तकात या गुंत्याचं चित्र होतं, त्यातून एक बाण बाहेर काढला होता आणि खाली लिहिलं होतं 'गाळणे'. त्या बाणावर माझा राग आहे. सगळी गंमत त्या बाणाच्या पोटात होती आणि ती कुणी सांगितलीच नाही.

बाण ज्या भिंतीतून जातो ती तीन पदरी आहे. आतलं अस्तर छिद्राछिद्रांचं, त्यातून रक्तपेशी सोडून जवळपास सगळं निसटू शकतं. मधे कोलॅजन वगैरे प्रथिनांचं विणलेलं पातळ पटल. आणि बाहेरून या सगळ्याला मिठी मारून बसलेल्या पेशी, त्यांचं नाव पोडोसाइट. यातलं 'पोड' ग्रीक, अर्थ पाऊल. आपल्या 'पद'चंच ते सख्खं भावंड, त्यामुळे 'पादपेशी' म्हटलं तर फार काही बिघडणार नाही. या पेशीला जाड फांद्या फुटतात, फांद्यांना शेकडो बारीक पाय फुटतात आणि ते पाय पटलावर रोवलेले असतात. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घालावीत तसे शेजारणीचे पाय हिच्या पायांमधे येतात. दोन पायांमधे उरते ती फट. तिची रुंदी साधारण 40 नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचे दोन हजार भाग केले तर त्यातला एखादा.

इथे माझी गाडी अडली. कारण अल्ब्युमिनच्या रेणूची जाडी 7-8 नॅनोमीटरच असते. 40च्या फटीतून तो सहज जायला हवा. पण फट उघडी नाही. या पायातून नेफ्रिन नावाच्या प्रथिनाचे रेणू बाहेर येतात, समोरच्या पायातूनही येतात आणि मधोमध एकमेकांना धरतात. त्या पकडीतून एक बारीक पडदा तयार होतो. नेफ्रिनचा शोध लागला 1998 साली, तोही एका दुःखद वाटेने : फिनलंडमधे काही बाळांच्या लघवीतून जन्माआधीपासूनच प्रथिनं वाहून जात, आणि शोध घेतल्यावर त्यांच्यात याच प्रथिनाचं जनुक सदोष निघालं.

घरातली गाळणी आणि ही गाळणी यांत मला भावलेला फरक हा की ही स्वतःची डागडुजी स्वतः करते. पटलाचा माल पादपेशी आणि अस्तराच्या पेशी दोघी मिळून पुरवतात. पादपेशी आतल्या अस्तराला सतत एक रासायनिक निरोपही धाडत असते. तो निरोप अडवणारी कर्करोगाची काही औषधं घेतली की लघवीत प्रथिन दिसू लागतं. गंमत म्हणजे निरोप जातो गाळून बाहेर येणाऱ्या द्रवाच्या लोंढ्याच्या उलट दिशेने. शिवाय इथल्या केशवाहिन्यांतला दाब अंगातल्या इतर केशवाहिन्यांपेक्षा बराच जास्त असतो, आणि तो झेलत पाय जागचे हलू द्यायचे नाहीत.

एवढं करणाऱ्या पेशीला एक मोठी अडचण आहे. तिचं विभाजन जवळपास होतच नाही. पेशीला दोन व्हायचं तर पायांतला सांगाडा मोडून गोल व्हावं लागतं, आणि पाय सोडले की प्रवाह तिला घेऊनच जातो. त्यामुळे जन्मापासूनची शिबंदी तीच. मधुमेहाने, चढलेल्या रक्तदाबाने एखादी गळाली की शेजारणी फुगतात, पाय लांबवतात आणि उघडी पडलेली जागा झाकतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, इथे अंथरूण तेवढंच आणि पाय मात्र कमी झालेले. काही काळ भागतं. फारच जणी गळाल्या की उघड्या पटलावर वण धरतो आणि ती गाळणी हळूहळू बंद पडते.

कधी कधी पेशी जागेवर असतात, पण पाय चपटे होऊन एकमेकांत मिसळतात. लहान मुलांत एक विकार असा आढळतो. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सगळं ठाकठीक, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मात्र पायांचा पत्ता नाही. बहुतेक मुलांत स्टेरॉइड दिल्यावर काही आठवड्यांत पाय पुन्हा पूर्वीसारखे उभे राहतात. हे वाचून मला उगाचच फार बरं वाटलं.

प्रथिन निसटलं की लघवीला फेस येतो. बुडबुडे आणि मूत्रपिंड यांचं नातं हिप्पोक्रेटिस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या नावावरच्या सूत्रांतही आहे. अर्थात फेस नुसत्या धारेच्या जोरानेही येतो, खरं काय ते तपासणीतच कळतं. मला हे सगळं पटतं. तरीही रिपोर्ट आल्यापासून रोज सकाळी मी मिनिटभर खाली बघत थांबतो. फेस विरतो. मग फ्लश करतो.