आमची वाटचाल : आर्वीतलं ईईजी सेंटर

आर्वीत ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी) सेंटर टाकतो म्हटलं तर घरचे म्हणाले, कापूस-सोयाबीनच्या गावात डोक्याला वायरी लावून घ्यायला कोण येणार, सेवाग्राम-सावंगीचे मोठे दवाखाने आहेत की. पण मिरगीच्या पोराला एसटीनं तिकडं न्यायचं म्हणजे आईबापाची मजुरी बुडते, म्हणून सेकंडहँड मशीन घेतली.

सुरुवातीला जास्त त्रास खोबरेल तेलानं दिला. डोकं थापून यायचे, मग इलेक्ट्रोड (डोक्याला चिकटवायच्या वायरीचं टोक) नीट धरत नाही, इम्पिडन्स, म्हणजे कातडीशी जोडणीतला अडथळा, ५ किलोओहमच्या खाली येत नाही, त्यात बाजूची पिठाची चक्की सुरू झाली की स्क्रीनभर लाईनच्या विजेचा, ५० हर्ट्झचा गोंधळ. अर्थिंग नवी केली. आता फोनवरच सांगतो, शाम्पूनं केस धुऊन या, तेल दिसलं की परत.

आणि दारू. आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, तरी मिळायची ती मिळतेच. बाई नवऱ्याला घेऊन येते, "भाऊ, याच्यात दारू दिसते का जी? हे म्हणते सोडली, मले नाही वाटत." ईईजीत दारू कळते असं मोबाईलवर पाहिलेलं असतं. तसं अगदीच खोटं नाही ते, वेगळा आवाज किंवा चित्र आलं की साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक लाट उठते, पी३००, ती दारुड्यांत सरासरीनं बुटकी असते. पण १९८४ मध्ये अमेरिकेत बेगलायटर यांच्या टीमनं दारुड्या बापांची ७ ते १३ वर्षांची पोरं तपासली, थेंबही न घेतलेली, त्यांचीही लाट बुटकीच! स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारातही तसंच दिसतं. म्हणजे लाट बुटकी दिसली म्हणून माणूस पितो असं सांगता येत नाही.

एक ट्रान्सपोर्टवाले म्हणाले, ड्रायव्हरांसाठी दारू टेस्टचं पॅकेज काढा, गाडी भरून पाठवतो. पैसा दिसत होता, मशीनचा हप्ताही होताच, पण नाही म्हटलं, कारण बाप पीत होता म्हणून न पिणाऱ्या पोराची नोकरी जायची आन् कागदावर शिक्का आमचा.

आमच्याकडं दारूचे खरे पेशंट येतात ते फिटचे. रोजची एकदम बंद केली की ६ ते ४८ तासांत झटका येऊ शकतो. त्यांचा ईईजी बरेचदा नॉर्मल येतो, मग तोच माणूस गावभर सांगतो, पाहा, मशीन म्हणते दारूनं काही बिघडलं नाही. म्हणून अशा वेळी रिपोर्ट बायकोसमोरच देतो, यात दारूचा निकाल नाही हे सांगतो, व्यसनमुक्तीच्या डॉक्टरकडं पाठवतो, आणि एकदम बंद करू नका, डॉक्टरला विचारूनच सोडा हेही बजावतो.

सध्या व्हिडिओ ईईजीसाठी (ईईजी चालू असताना पेशंटचं चित्रीकरणही होतं) बँकेत कर्जाची फाईल टाकली आहे, मॅनेजर साहेब म्हणतात कापसाचा सीझन होऊ द्या.